कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे नेमके काय समजायचे?

धागाकर्ती, राजारामपुरी
गेल्या रविवारी आमच्या तालमीच्या सभागृहात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वासही थांबला आहे, तर आधी काय कराल, असे विचारताच पुढच्या रांगेतील आजोबा म्हणाले, “सीपीआर.” प्रशिक्षकांनी समाधानाने मान डोलावली, तोच आजोबांनी विचारले, “रिक्षातनं न्यायचं का?” प्रशिक्षकांच्या मनातले सीपीआर म्हणजे छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याचा प्रथमोपचार; पण परगावच्या वाचकांसाठी सांगते, की टाउन हॉलजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आम्हा कोल्हापूरकरांना सीपीआर याच नावाने ठाऊक आहे. हृदय थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. ती मिनिटे रिक्षा शोधण्यात जाऊ नयेत, म्हणून इथल्या प्रथमोपचाराच्या फलकांवर ‘सीपीआर द्या’ऐवजी ‘छाती दाबा’ असेच लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, शिवाजी पेठ
मी असहमत आहे. ‘सीपीआरला न्या’ म्हणजे रुग्णालय आणि ‘सीपीआर द्या’ म्हणजे उपचार, हा भेद आपली विभक्ती आणि क्रियापदच करून देतात. ‘एसटी चुकली’ हे ऐकून कोणाला अनुसूचित जमाती आठवत नाही. जगभर रुळलेला शब्द फलकावरून काढला, तर आपली मुले परगावी गेल्यावर अडतील.

प्रतिसाद, विद्यापीठ परिसर
अर्थशास्त्रात याच अक्षरांचा अर्थ सामायिक साधनसंपत्ती असा होतो : गावचे गायरान किंवा तळे, जिथे कोणाला अडवणे अवघड असते आणि एकाने घेतले की दुसऱ्याला कमी पडते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल याच विषयावरील कामासाठी मिळाले. शोधनिबंधात पहिल्या उल्लेखाला पूर्ण रूप देतात आणि प्रश्न मिटतो. फलकावरही तेच करावे.

धागाकर्ती
शोधनिबंध बसून वाचला जातो, फलक मात्र घाबरलेला माणूस वाचतो. शिवाय ‘एसटीचे आरक्षण’ म्हटले, तर बसमधील जागा की जमातींचे आरक्षण, हे विभक्तीने कुठे कळते?

प्रतिसाद, परिचारिका, कसबा बावडा
पूर्ण रूप लिहूनही हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. म्हणून मी धागाकर्तींच्या बाजूने आहे, मात्र सीपीआर हा शब्द खाली लहान अक्षरांत राहू द्यावा. वर लिहावे : ‘१०८ ला फोन करा. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा.’ हे माप प्रौढांसाठी आहे, तेही नमूद करावे.

प्रतिसाद, शिवाजी पेठ
या मजकुराला माझी हरकत नाही. शब्द लहान अक्षरांत ठेवण्याला मात्र आहे.