डाएटवर आहे पण जिभेला चव पाहिजे, लो-कॅलरी चमचमीत काय करता येईल?

गोदाकाठची: नमस्कार मंडळी, डाएटिशियनने चार्ट दिलाय, सकाळी ओट्स, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री दुधीचं सूप. कॅलरी कमी पाहिजेत मान्य, पण तिखटमीठ तरी असू द्या ना! रविवारी घरचे सगळे गंगापूर रोडला मिसळ हाणायला जातात आणि मी काकडी चघळत बसते. घरच्यांनाही चालेल असं काहीतरी सांगा, दोन स्वयंपाक करायची ताकद नाहीये. आणि प्लीज सॅलड सांगू नका.

काळा_मसाला: ताई, मिसळ कशाला सोडताय? मटकी बिचारी निर्दोष आहे, घोळ सगळा तर्री, फरसाण आणि पावाचा. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, आणि तर्रीत किती पळ्या जातात ते मोजत कोण बसतंय! घरी असं करा, कांदा आख्खा गॅसवर काळा होईपर्यंत भाजायचा, लसूण आलं कोथिंबिरीबरोबर वाटायचा, सुकं खोबरं नावाला चिमूटभर (त्यात तेलच तेल असतं). दोन चहाचे चमचे तेलात हे वाटण परतायचं, चिकटलं की पाण्याचा हबका मारायचा, मग काळा मसाला आणि रंगाला ब्याडगीचं तिखट. रस्सा दाट व्हायला उकडलेली मूठभर मटकी वाटून घाला, कोणाला कळत पण नाही. वरून फरसाणाऐवजी कोरडे भाजलेले पोहे, कच्चा कांदा, लिंबू. घरच्यांच्या वाटीत फरसाण टाका, झाला एकच स्वयंपाक.

सातपूरकर: शिफ्टवरून आल्यावर एवढं वाटण कोण करणार राव 😄 आमच्याकडे ताकातलं पिठलं असतं, फोडणीला एक चमचा तेल, लसूण हिरवी मिरची जरा जास्तच, सोबत भाकरी. भाकरीने वजन उतरतं.

वाटीभर_वरण: दादा, पिठलं बेस्ट, पण भाकरीचं तेवढं खरं नाही हं. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरीचा फार फरक नसतो, भाकरीला तेल लागत नाही आणि पोट लवकर भरतं एवढंच, तीन-तीन खाल्ल्या तर काय उपयोग? दाण्याच्या कुटाकडे पण बघा, 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आपण कोशिंबिरीत, भाजीत मुठीने घालतो. मी काकडी दह्यात कालवून कूट एकच चहाचा चमचा घालते, फोडणीत जिरं मिरची कढीपत्ता भरपूर. मुगाची धिरडी पण होतात छान, भिजवलेले हिरवे मूग, आलं, मिरची वाटून नॉनस्टिकवर, तेल ब्रशने. लसणाची ओली चटणी घ्या बरोबर, दुधीचं सूप विसराल.

गोदाकाठची: वा, मटकी आत्ताच भिजत घालते. पण पावाचं काय करू, रस्सा नुसता कसा प्यायचा?

काळा_मसाला: एक पाव खा की! मटकी दुप्पट घ्या आणि रस्सा वाटीने प्या, दुसऱ्या पावाला पोटात जागाच राहणार नाही.