नावीन्य, नवोन्मेष की संशोधनक्षमता?

अनुवादिका: अर्थशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘नॅशनल इनोव्हेटिव्ह कपॅसिटी’ पानोपानी भेटते. फर्मन, पोर्टर आणि स्टर्न या अभ्यासकांनी २००२ साली मांडलेला अर्थ असा: नवं तंत्रज्ञान घडवायचं, बाजारात उतरवायचं आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं, ही देशाची क्षमता. ‘राष्ट्रीय संशोधनक्षमता’ चालेल? ‘इनोव्हेशन’साठीचा सरकारी शब्द ‘नाविन्यता’ लिहायला हात धजत नाही.

जुना मास्तर: धजूच नये! ‘नवीन’चं भाववाचक नाम ‘नावीन्य’, वी दीर्घ. त्याला पुन्हा ‘ता’ लावणं म्हणजे ‘सौंदर्यता’ म्हणणं. पण राज्याच्या कौशल्य खात्याच्या नावातच तो शब्द जाऊन बसलाय, आता कोण उठवणार? तुम्ही ‘नवोन्मेष’ घ्या. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताने प्रतिभेची व्याख्याच ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी’, म्हणजे जिला सतत नवनवं सुचतं ती प्रज्ञा, अशी केली आहे.

पेटंटवाला: मास्तर, काव्यशास्त्रातला शब्द कारखान्यात रुळेल का, ही शंका आहेच. पण ‘संशोधनक्षमता’ला माझा जास्त विरोध. ते वाचलं की डोळ्यांसमोर फक्त प्रयोगशाळा येते. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन-विकासावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातला निम्म्याहून जास्त सरकारी. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ आहे आणि तिथे सुमारे तीन चतुर्थांश पैसा कंपन्यांचा. म्हणजे फरक नुसत्या रकमेचा नाही, पैसा कोण घालतं याचाही आहे. ‘इनोव्हेटिव्ह कपॅसिटी’ या संज्ञेत अभियंते, पेटंटचा कायदा, स्पर्धा, एकाच भागात दाटलेले उद्योग, विद्यापीठांशी त्यांचं येणंजाणं, सगळं धरलेलं आहे. लेखकांनी मोजमाप आंतरराष्ट्रीय पेटंटांवरून केलं, पण पेटंटांचा आकडा म्हणजे क्षमता नव्हे, तो तिचा परिणाम.

(सरकारी मराठीत पेटंटला ‘एकस्व’ म्हणतात. मी पेटंटवाला असूनही कधीच म्हणत नाही.)

जुना मास्तर: शिवाय हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, अगदी घटनादुरुस्तीसुद्धा. संपादक हिंदीभाषक असेल तर गंमतच.

अनुवादिका: ‘कुवत’ कसं वाटतं? ‘देशाची नवं घडवण्याची कुवत’.

पेटंटवाला: शीर्षकाला झकास. कोष्टकात मावणार नाही आणि ‘कुवती’ असं अनेकवचन करायची वेळ आली तर वाचक हसतील.

अनुवादिका: मग शीर्षकात ‘कुवत’, पहिल्या उल्लेखात ‘नवं तंत्रज्ञान घडवून ते बाजारापर्यंत वर्षानुवर्षं नेत राहण्याची क्षमता’ असं सविस्तर आणि पुढे सगळीकडे ‘नवोन्मेषक्षमता’. पेटंट पेटंटच राहील.