साडीचं दुकान सोडून डार्क स्टोअरला जाऊ का?

काउंटरवाला: लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात ११ वर्षं झाली. पूर्वी लग्नसराईत पाणी प्यायला उसंत नसायची, आता बायका येतात, पदर उलगडून बघतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात, घड्या घालत बसतो आम्ही. मित्र म्हणतो डार्क स्टोअरला, म्हणजे ॲपवरच्या ऑर्डरी भरतात त्या गोदामात, पिकर हो, रॅकवरून माल उचलून द्यायचं काम. जाऊ का?

गावठी_पोहे: मी केलंय ८ महिने. गिऱ्हाईक नाही, गप्पा नाही, हातातलं मशीन सांगेल त्या रॅककडे पळायचं, १० मिनिटांत डिलिव्हरी म्हणजे आपल्याला धड २ मिनिटं मिळत नाहीत. पगार वेळेवर यायचा पण गुडघे गेले राव.

कोथरूडची_माऊ: दादा, थांबा जरा. व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवा ना, माझी अमेरिकेतली नणंद अशीच पैठणी घेते. पोत कसाय ते सांगायला माणूसच लागतो.

खडूस_आजोबा: जाणारच असलात तर पीएफ कापतात का आणि ठेकेदार कोण ते आधी विचारा. बाईकवरची पोरं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार (पक्की नोकरी नाही, कामागणिक पैसे) म्हणून तरी आली, त्यांना सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवता येतं.

काउंटरवाला: व्हिडिओ कॉलचं बोललो मालकांशी. म्हणाले, कर की, स्टँड तू आण.