रिअली नकाराच्या आधी की नंतर?

तुम्ही विचारलंत की 'आय डिडन्ट रिअली एन्जॉय मायसेल्फ' आणि 'आय रिअली डिडन्ट एन्जॉय मायसेल्फ' यात फरक काय, तर अहो बराच आहे, पहिल्यात रिअली नकाराच्या पोटात जातं म्हणजे 'तशी काही फार मजा नाही आली', दुसऱ्यात ते बाहेर राहून नकारालाच जोर देतं, 'खरंच मजा नाही आली'. रविवारी सिंहगडाच्या गर्दीत नुसते अडकलात तर दुसरं, वर पिठलं-भाकरी तरी मिळाली तर पहिलं :) आणि मायसेल्फ गाळू नका हां, एन्जॉयला सहसा कर्म लागतं, आपण मराठीत नुसतं 'एन्जॉय केलं' म्हणतो ना, तिथून ती सवय लागते.

खरी गंमत 'आय डिडन्ट कुक इट मायसेल्फ' मध्ये आहे. इथे मायसेल्फ कर्म नाहीच, नुसता जोर. म्हणजे भाजी झालीये, पण मी नाही केली, डबा मागवला.

'हार्डली' म्हणजे 'जवळजवळ नाहीच', नकार त्यातच आला, म्हणून ते असेल तर नॉट घालायचं नाही, 'ही हार्डली ट्रस्ट्स हिमसेल्फ' एवढंच पुरे. आमच्या ऑफिसात अर्धी जनता 'कान्ट हार्डली' म्हणते, मी टोकणं सोडून दिलंय.