तिसऱ्या नर्व्हची पाल्सी: बाहुली कधी मोठी होते?

प्रश्न: तिसऱ्या नर्व्हची पाल्सी, म्हणजे डोळा हलवणाऱ्या मेंदूच्या तिसऱ्या नर्व्हचा लकवा. पापणी पडलेली, डोळा खाली-बाहेर वळलेला. डायबेटिसमध्ये बाहुली बहुधा नॉर्मल, अॅन्युरिझममध्ये (धमनीला आलेल्या फुग्यामुळे) मोठी. असं का?

उत्तर १: बाहुली लहान करणारे पॅरासिम्पथेटिक तंतू नर्व्हच्या अगदी पृष्ठभागावर, वरच्या-आतल्या कडेला असतात. या नर्व्हजवळून जाणाऱ्या पोस्टीरियर कम्युनिकेटिंग आर्टरी या मेंदूतल्या धमनीचा फुगा बाहेरून दाबतो, त्यामुळे पहिला मार त्यांनाच बसतो. डायबेटिसमध्ये आतल्या बारीक वाहिन्या बंद पडून गाभ्याला इजा होते, वरचा थर बहुधा वाचतो.

उत्तर २: बरोबर, पण पाल्सी अर्धवट असेल तर नॉर्मल बाहुलीवर अजिबात विसंबू नका. फुगा वाढत असेल तर बाहुली काही दिवसांनीही मोठी होते. सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) तातडीने करा. आणि बाहुल्या भर उजेडात पाहा. अंधारात दोन्ही मोठ्या होतात, फरक लपतो.

उत्तर ३: चौथी नर्व्हही तपासाच, हे फार जण विसरतात. डोळा आत वळत नसल्यानं सुपीरियर ऑब्लिक (चौथ्या नर्व्हवर चालणारा डोळ्याचा स्नायू) त्याला फारसा खाली नेऊ शकत नाही. रुग्णाला खाली बघायला सांगून बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागातल्या एखाद्या लाल रेषेवर नजर ठेवा. डोळ्याचा वरचा भाग नाकाकडे फिरताना दिसला, तर चौथी शाबूत. फिरला नाही, तर कॅव्हर्नस सायनसचा (डोळ्यामागची शिरांची पोकळी, जिथून या दोन्ही नर्व्ह जातात) विचार करा.