लॅपटॉप भरला म्हणून फोटो उडवायचे?

गोदाकाठ:
काल 'मोकळी डिस्क' यांनी इथे लिहिलं: लॅपटॉपची २५६ जीबी भरली की रडत बसू नका, दहातले नऊ फोटो उडवा, कोणी बघत नाही. डोकंच फिरलं. माझ्याकडे २०१५च्या सिंहस्थाचे रॉ (कॅमेऱ्यातून निघालेले, न दाबलेले मूळ) फोटो आहेत, एकेक २५-३० एमबीचा. रामकुंडावरच्या गर्दीतला कोणता चेहरा नकोसा, हे मी ठरवू? अहो, पण सगळं लॅपटॉपवरच हवं असं कोणी सांगितलं? मूळ फाइली बाहेरच्या डिस्कवर ठेवा. लॅपटॉपवर लाइटरूमचा (फोटो लावायचा-सुधारायचा प्रोग्रॅम) कॅटलॉग, म्हणजे फोटोंची यादी, आणि स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रती, बस्स. या प्रतींची लांब बाजू २५६० पिक्सेल असते, डिस्क कपाटात असली तरी एडिटिंग होतं. पैसे घालायचे नसतील तर डिजीकॅम हा तसलाच प्रोग्रॅम फुकट आहे. फोल्डर मात्र प्रोग्रॅमच्या आतूनच हलवा; बाहेरून ओढाओढ केलीत की त्याला फाइली सापडत नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.

मोकळी डिस्क:
म्हणजे पसारा हॉलमधून माळ्यावर! रोग वेगळाच आहे. रविवारी सकाळी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात या. एक खंड्या, समोर दहा कॅमेरे, बर्स्ट (एका दाबात फोटोंची सरबत्ती) लावून धडधडधड. घरी जाऊन निवडायचा कंटाळा, आणि वर 'स्टोरेज पुरत नाही'.

पाणकावळा:
खंड्या सूर मारताना तुम्हाला विचारून मारतो का? बर्स्टशिवाय तो फोटो काढून दाखवा, मग बोला. राज्यातली पहिली रामसर जागा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ती, २०२० साली जाहीर झालेली. तिथल्या नोंदी नकोत? धूसर फ्रेममध्ये मागे बसलेला पक्षीही नंतर ओळखू येतो.

मोकळी डिस्क:
नोंदीला एक फोटो पुरतो. आणि तुम्ही लोक तिथल्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर तिपाया लावून तासन् तास जागा अडवता, लहान पोरांना दुर्बिणीतून बघायला मिळत नाही, त्याची नोंद कोण करणार?

पाणकावळा:
अच्छा, दुखणं स्टोरेजचं नाहीच! पोरं आरडाओरडा करून सगळा थवा उडवतात, ते चालतं वाटतं?

सिडकोवाली ताई:
पक्षी आवरा आता. लेकीच्या बारशापासूनचे फोटो माझ्याकडे असेच 'बाहेरच्या डिस्कवर' होते. टेबलावरून पडली, टकटक वाजली, संपलं. रिकव्हरीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात नवा लॅपटॉप आला असता. तेव्हापासून सगळं क्लाउडवर. महिन्याला पैसे जातात, जाऊ देत.

गोदाकाठ:
ताई, वाईट झालं, पण ती एकुलती एक प्रत होती हो. माझ्या दोन डिस्क आहेत, एक घरी, एक इंदिरानगरला भावाकडे. क्लाउडचं म्हणाल तर गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ला बंदच झाली. आता १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळे दाटीवाटीने. शिवाय सिंक (फोन आणि क्लाउड सारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवरच्या अ‍ॅपमधून फोटो उडवला की क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

सिडकोवाली ताई:
सिंकचं माहीत नव्हतं, बघते. पण भावाकडची डिस्क शेवटची कधी आणून भरलीत?

गोदाकाठ:
दिवाळीत.

सिडकोवाली ताई:
कुठल्या?

मोकळी डिस्क:
😂 जाऊ द्या ताई. सिंहस्थाचे फोटो ठेवा गोदाकाठ, तेवढी परवानगी दिली. २०२७ला मात्र घाटावर बर्स्ट बंद.

पाणकावळा:
आणि मनोऱ्यावर पोरं शांत. लिहून द्या.