मदत हवी आहे: गूढ शब्दकोड्यात अक्षरं ढवळताना काना हलवता येतो का?

मंडळी, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॅप गटावर एक काका दर रविवारी स्वतः रचलेलं गूढ शब्दकोडं टाकतात. म्हणजे प्रत्येक सूत्रात उत्तराचा अर्थही असतो आणि ते बनवायचा शब्दखेळही, आणि कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. या वेळचं त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलंय. एरवी दुपारच्या जेवणापर्यंत 'झालं' म्हणून अंगठे पडायला लागतात. या खेपेला संध्याकाळपर्यंत शुकशुकाट, आणि रात्री एका ताईंनी विचारलं, "काका, आमचं काही चुकलं का?"

जे सुटलं ते झकास होतं. 'डाव उलटला तरी पावात बसतो (२)' हे पोरासोरांनीही सोडवलं, वडा. 'गुरुजींना गाडी मिळाली, चालवतात मात्र मंत्री (४)' म्हणजे सरकार. 'नवरा त्रस्त, मधल्यामध्ये झोपायची वेळ (२)' यात तर उत्तर सरळ छापलेलंच आहे: पहिल्या शब्दाचा रा आणि दुसऱ्याचा त्र सलग वाचा. असं काही सापडलं की कोडेकाराच्या पाया पडावं की गचांडी धरावी, कळत नाही. 'नगारा डोकं गमावून बसला, अंगणात वेचायला मुलं धावली (२)' म्हणजे गारा.

आता घोडं अडलंय ते इथे.

आडवे ७: वानर बिथरला, संसार मात्र याच्याशीच (३)
गारामधला रा याच्या शेवटच्या घरात येतो, त्यामुळे उत्तर 'नवरा' हे पक्कं. 'बिथरला' म्हणजे अक्षरं ढवळा, तेही कबूल. पण वा, न, र ही अक्षरं कशीही फिरवली तरी नवरा होत नाही. नरवा होईल, रवान होईल. वा-चा काना काढून र-ला लावला तरच जमतं. हे चालतं का? मला तर ही सरळसरळ लबाडी वाटते. घरात भरताना काना-मात्रेसकट अख्खं अक्षर भरायचं, आणि ढवळताना मात्र काना मोकाट?

आडवे ९: उत्तीर्ण होता होता मध्येच डोक्यातली निघाली, छत्री काढा! (३)
छत्रीवरून पाऊस असणार. उत्तीर्ण म्हणजे पास, इथवर ठीक. मग मध्ये ऊ कुठून आला?

उभे २: देवाने दिला, मांडवात आला, खाली मात्र नाही (२)
याचं उत्तर थेट लिहू नका, नुसती दिशा द्या.

काकांना विचारून झालं. ते फक्त डोळा मारणारी स्मायली पाठवतात.

प्रतिसाद
९ साठी: ऊ आला नाही, आली. घरात शाळकरी मुलगी असेल तर तिच्या आईला विचारा, डोक्यात एकच सापडली तर तिला काय म्हणतात ते. अनेकवचनच कानावर असतं म्हणून फसायला होतं. सूत्र फर्मास आहे, काकांना माझा नमस्कार सांगा.

प्रतिसाद
७ बद्दल मी तुमच्या बाजूने. इंग्रजीत ए, ई, आय ही स्वतंत्र अक्षरं, त्यांना स्वतंत्र घर मिळतं, म्हणून ती हवी तिथे हलतात. आपला काना एकटा उभा राहू शकत नाही. 'मोडलेलं कलम चिखलात फुललं (३)' असं सूत्र बघा. क, ल, म तेच, कमल तयार, कुणाची तक्रार नाही. मेहनत घेतली की नियमात बसून जमतं.

प्रतिसाद
इतकं सोवळं कशाला? हा वाद इंग्रजीतही जुनाच आहे. 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात १९३९पासून 'झिमेनीझ' या नावाने कोडी रचणारे मॅकनट कडक शिस्तीचे. सूत्रात एक व्याख्या हवी, एक चोख शब्दखेळ हवा, आणि एकही शब्द फालतू नको. उलट 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाचे 'आरॉकेरिया', म्हणजे रेव्हरंड जॉन ग्रॅहम, १९५८पासून २०१३पर्यंत जरा सैल हाताने रचत राहिले आणि लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला. सोडवणाऱ्याला शेवटी 'अरेच्चा!' म्हणता आलं की झालं. मला तर वानराचा नवरा फार आवडला.
ता. क. एकाच कोड्यात दोनदा नवरा, एकदा त्रस्त आणि एकदा बिथरलेला. काकांच्या घरी सगळं ठीक आहे ना?

धागाकर्ता
ऊ! धन्य आहे. 'पास'च्या पोटात ऊ, आणि मी ऊ नावाचं काही संक्षिप्त रूप आहे का ते शोधत बसलो होतो.
आरॉकेरियांचं ठीक, पण त्यांच्याकडे काने नव्हते. काना हलवायचाच असेल तर सूत्रात तसं सुचवा, मग माझी ना नाही. उदाहरणार्थ, 'वानर बिथरला, काना शेजाऱ्याच्या गळ्यात घातला, संसार मात्र याच्याशीच'.

प्रतिसाद
हे सूत्र मूळच्यापेक्षा लांबलं, पण न्याय्य झालं. काकांना पाठवा.
उभे २ साठी दिशा: यात ढवळाढवळ नाही, उलटापालट नाही, काही लपवलेलंही नाही. दोन्ही स्वल्पविरामांवर तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र कोडं समजा. तिन्हींचं उत्तर एकच.

धागाकर्ता
आलं! उत्तर इथे लिहीत नाही, गटावरचे काही जण हा धागा वाचतायत. सुधारलेलं वानराचं सूत्र काकांना पाठवलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, स्मायली अजून आलेली नाही.